गुरुवारची सुटी आणि रात्रीचे पाणी : महाराष्ट्रातील विजेच्या वाटणीचा इतिहास

वीज साठवून ठेवता येत नाही, या एका गोष्टीतून तिचे सारे अर्थकारण आणि बरेचसे राजकारण निघते. धान्य कोठारात राहते, पाणी धरणात थांबते. पण जनित्रातून बाहेर पडलेली वीज त्याच क्षणी कुठेतरी खर्च व्हावी लागते, आणि मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की सर्व जनित्रांची गती एकदम मंदावू लागते व ती वेळीच सावरली नाही तर सगळे जाळे कोसळते. विद्युतघटांत मोठ्या प्रमाणावर वीज साठवण्याचे प्रयत्न अगदी अलीकडचे आहेत. त्यामुळे ज्या ज्या काळी वीज अपुरी होती त्या त्या काळी वीजव्यवस्थेपुढे रोज एकच प्रश्न उभा राहिला : आज थांबायचे कोणी आणि किती वेळ. महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार आधी शहरोशहरीच्या परवानेदार कंपन्यांकडे होता, पुढे तो राज्याच्या वीज मंडळाकडे गेला, टंचाईच्या ऐन काळात त्यातला काही भाग कारखान्यांकडे, शहरांकडे आणि गावांकडे परत आला आणि टंचाई ओसरताच तो पुन्हा वर गेला. धरणे आणि वीजकेंद्रे यांच्या इतिहासात या येरझारीला क्वचितच जागा मिळते, पण लाखो माणसांची झोप, सुटी आणि कामाची पाळी तिनेच ठरवली आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्यभर पसरलेले विजेचे एक जाळे ही कल्पनाच अस्तित्वात नव्हती. १९१० च्या भारतीय विद्युत कायद्यान्वये सरकार एखाद्या कंपनीला किंवा नगरपालिकेला ठरावीक हद्दीत वीज पुरवण्याचा परवाना देत असे, आणि त्या हद्दीतली तारांची जोडणी, ग्राहकांची बिले व बहुतेक ठिकाणी वीजनिर्मितीसुद्धा एकाच व्यवस्थापकाच्या हाती असे. अशा छोट्या वीजघराचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे संध्याकाळचे दिवे. दिवसा यंत्रे रिकामी पडत, म्हणून व्यवस्थापक पिठाची गिरणी, छापखाना, तेलाचा घाणा अशी दिवसाची गिऱ्हाइके शोधी आणि त्यांना सवलतीचा दर देई. पुरवठा आणि मागणी यांचा मेळ घालणारा माणूस त्याच गावात राहत होता आणि कोणती गिरणी कधी सुरू होते हे त्याला ठाऊक होते. ही व्यवस्था महाग होती आणि तिचा लाभ मूठभर घरांनाच मिळत होता, हे खरे; तरीही विजेची वेळ आणि विजेचा वापर यांची सांगड जागच्या जागी घालता येते, याचा हा महाराष्ट्रातला पहिला अनुभव होता.

मुंबईतला प्रयोग आकाराने प्रचंड होता, पण त्याचा गाभा तोच होता. १९१० मध्ये स्थापन झालेल्या टाटा जलविद्युत कंपनीने लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून १९१५ मध्ये मुंबईला वीज देण्यास प्रारंभ केला, तो प्रामुख्याने कापडगिरण्यांसाठी. पाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रे सुरू झाली. जलविद्युतेचा मोठा गुण असा की झडप उघडताच काही मिनिटांत तिचे उत्पादन वाढवता येते आणि बंद करताच थांबवता येते, त्यामुळे शहराच्या मागणीतले चढउतार घाटमाथ्यावरच्या पाण्याने सावरले जात. याची किंमत मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी मोजली. त्यांच्या जमिनी बुडू नयेत म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला, पण धरण झालेच. ज्यांच्या भूमीतून वीज निर्माण झाली त्यांच्या गावांत ती फार उशिरा पोहोचली, ही विसंगती पुढच्या इतिहासातही पुन्हा पुन्हा दिसते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या विद्युत पुरवठा कायद्याने प्रत्येक प्रांतात सरकारी वीज मंडळाची तरतूद केली, आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर काही आठवड्यांतच, २० जून १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. सुटी सुटी वीजघरे एका जाळ्यात जोडावीत आणि मोठ्या केंद्रांची स्वस्त वीज खेड्यापर्यंत न्यावी, हा त्यामागचा विचार न्याय्य होता. नफ्यासाठी चालणाऱ्या परवानेदार कंपन्या दुर्गम खेड्यात तारा कधीच ओढणार नव्हत्या. १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली आणि राज्याचे उद्योग तिच्यावर विसंबू लागले. हे विसंबणे किती धोक्याचे आहे ते ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने दाखवले, कारण कोयनानगरच्या विनाशाबरोबरच दूरच्या मुंबईतल्या कारखान्यांचीही वीज गेली. कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली. तेव्हापासून कोयना हे मुख्यतः संध्याकाळची कमाल मागणी भागवण्यासाठी राखून ठेवलेले पाणी झाले आणि ते कधी सोडायचे हा निर्णय केंद्रीय नियंत्रणाचा विषय बनला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्र, म्हणजे कोणत्या केंद्राने किती वीज निर्माण करायची आणि कोणत्या भागाने किती उचलायची याचे क्षणोक्षणी नियंत्रण करणारी कचेरी, हे या व्यवस्थेचे मध्यवर्ती ठिकाण ठरले.

मागणी वाढत गेली आणि निर्मिती तिच्या मागे पडली, तेव्हा सरकारने पुरवठ्याइतकेच मागणीलाही नियम लावण्यास सुरुवात केली. १९५९ च्या दुरुस्तीने १९१० च्या कायद्यात घातलेल्या कलम २२ ब मुळे विजेचा वापर आणि वाटप यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य शासनाला मिळाला होता. त्याच अधिकारातून वीजकपात, संध्याकाळच्या वापरावरील बंधने आणि औद्योगिक वसाहतींच्या साप्ताहिक सुट्या आलटून पालटून ठेवण्याची पद्धत आली. ही शेवटची पद्धत विशेष लक्ष देण्याजोगी आहे. सर्व कारखाने रविवारी बंद राहिले तर त्या दिवशी मागणी कोसळते आणि उरलेले सहा दिवस ती पुरवठ्याच्या वर राहते. पण वसाहतींचे सात गट करून प्रत्येक गटाला आठवड्याचा वेगळा वार सुटीसाठी दिला, तर एकही नवे जनित्र न बसवता रोजची मागणी सुमारे एकसप्तमांशाने कमी होते. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला, ठाणे व नवी मुंबईच्या पट्ट्याला शुक्रवार.

या एका तांत्रिक तोडग्याने औद्योगिक वस्त्यांचे सामाजिक जीवन बदलले. गुरुवारी सुटी असलेल्या कामगाराची मुले रविवारी घरी असत, त्यामुळे कुटुंबाने एकत्र बसण्याचा दिवस हरवला. दुसरीकडे पिंपरी-चिंचवडमध्ये खरेदी, डॉक्टरकडे जाणे, बँकेची आणि सरकारी कामे यांसाठी गुरुवार सोयीचा ठरला, कारण त्या दिवशी कामगार मोकळा असे आणि कचेऱ्या उघड्या असत. देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वारही त्या परिसरात गुरुवारच झाला आणि पुढे तो शहरानेही स्वीकारला. टंचाई संपल्यानंतरही अनेक कारखान्यांत गुरुवारची सुटी टिकून राहिली. कलम २२ ब ज्यांना ऐकूनही माहीत नाही अशा पिढ्या त्या कलमाने घालून दिलेल्या आठवड्यात जगत आहेत, आणि कायद्याचा एखादा आदेश रूढीत कसा मुरतो याचा इतका स्पष्ट पुरावा अन्य क्षेत्रांत सहसा सापडत नाही. ही रचना आदेशातून आली असली तरी तिचे ओझे सर्वांवर सारखे आणि आधीच ठाऊक असलेले होते, म्हणून ती निभावली.

शेतीच्या बाबतीत असे समान आणि आधी कळणारे ओझे कधीच ठरले नाही. १९७० च्या दशकापासून विहिरींवर विजेच्या मोटारी झपाट्याने बसल्या आणि मीटरऐवजी मोटारीच्या अश्वशक्तीवर बिल आकारण्याची पद्धत रुळली. अश्वशक्तीवर बिल म्हणजे मोटार दोन तास चालली किंवा दहा तास चालली तरी आकार तोच. त्यामुळे वापर आवरण्याचे कारण ना शेतकऱ्यापाशी राहिले ना मोजमाप मंडळापाशी. दर नियंत्रणात नाही तेव्हा वेळ नियंत्रणात ठेवायची, या न्यायाने मंडळाने शेतीचा पुरवठा तासांत बांधला : आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास आणि उरलेले दिवस रात्री आठ ते दहा तास. कारखाने आणि शहरे झोपलेली असताना जी वीज उरे ती विहिरीला द्यायची, हा त्यामागचा हिशेब भार प्रेषण केंद्रातून पाहिला तर निर्दोष दिसतो. शेताच्या बांधावर त्याचा अर्थ असा होता की शेतकऱ्याने कडाक्याच्या थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन पाण्याची दारे धरायला जावे, ओल्या वरंब्यावरून चालताना सापाची भीती बाळगावी आणि जुन्नरसारख्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचीही.

या रात्रपाळीतून एक यंत्र घरोघरी पोहोचले, आणि केंद्रीय हुकूम व स्थानिक वर्तन यांची गाठ कशी पडते ते त्यातून नेमके दिसते. वीज नक्की किती वाजता येईल याचा भरवसा नसल्याने शेतकऱ्यांनी स्टार्टरला ऑटोस्विच जोडले. म्हणजे मोटार सुरू करण्यासाठी विहिरीवर जागत बसायला नको, वीज येताच ती आपोआप चालू होते. एकट्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा उपाय शहाणपणाचा होता. पण मोटार सुरू होताना काही क्षण तिला नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह लागतो, आणि एका डीपीवरच्या, म्हणजे वितरण रोहित्रावरच्या, सर्व मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की त्या धक्क्याने रोहित्र जळते. जळालेली डीपी बदलून मिळायला जे दिवस लागत त्यांत उभे पीक वाळे. वीज कंपनी वर्षानुवर्षे आवाहन करत राहिली की ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. परंतु आपल्या डीपीवरच्या वीस-पंचवीस जणांनी पाच-पाच मिनिटांच्या अंतराने मोटारी सुरू कराव्यात असे ठरवणारी आणि ते पाळून घेणारी कोणतीही मान्यताप्राप्त व्यवस्था गावात नव्हती. मंडळाचा संबंध प्रत्येक ग्राहकाशी सुटा सुटा होता. जिथे शेजाऱ्यांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या तिथे रोहित्रे टिकली, मात्र तो त्यांचा खासगी समजूतदारपणा होता.

खरे तर अपुऱ्या प्रवाहाची वेळेनुसार वाटणी करण्याची विद्या या भूमीला नवी नव्हती. खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवर काही शतके चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली असे, एका फडात एकच पीक घेतले जाई, पाटकरी प्रत्येकाला क्रमाने पाणी देई, जागल्या पिकाची राखण करी आणि पाणी कमी पडले की कोणता फड पडीक ठेवायचा ते सर्व मिळून ठरवत. तुटीचा वाटा सर्वांनी उचलायचा आणि तो उचलला जातो आहे हे सर्वांना दिसायचे, या दोन गोष्टींवर ती व्यवस्था उभी होती. विजेच्या तारा गावात आल्या तेव्हा या अनुभवाकडे कोणी पाहिले नाही. कदाचित पाणी डोळ्यांना दिसते आणि वीज दिसत नाही म्हणून असेल, पण अधिक संभवनीय कारण हे की मंडळाच्या रचनेत ग्राहक हा हिशेबाचा धनी म्हणून कधी कल्पिलाच गेला नव्हता.

याला एक ठळक अपवाद झाला. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाल्यावर अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या नमुन्यावर देशात पाच सहकारी वीज संस्था प्रायोगिक म्हणून काढण्यात आल्या. गुजरातेतील कोडिनार, कर्नाटकातील हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रातील सिरसिल्ला आणि उत्तर प्रदेशातील लखनौ यांच्याबरोबर महाराष्ट्रातून तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा विद्युत सहकारी संस्थेची निवड झाली. हा भाग निवडला जाणे स्वाभाविक होते, कारण विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरा साखर कारखान्यापासून इथल्या शेतकऱ्याला सभासद, संचालक मंडळ आणि वार्षिक सभा यांचा सराव होता. संस्था मंडळाकडून घाऊक वीज विकत घेई आणि आपल्या क्षेत्रातल्या सुमारे पावणेदोनशे गावांत ती वाटी. तक्रार घेऊन जायचे ठिकाण जवळ होते आणि लाइनमन ओळखीचा होता. पण संस्थेच्या हाती किरकोळ वाटप होते; घाऊक विजेचा भाव आणि शेतीपंपांचा दर या दोन्ही गोष्टी इतरत्र ठरत होत्या, आणि त्या दोन दरांच्या कात्रीत थकबाकी वाढत गेली. विजेचे बिल वसूल करणारे संचालक आणि मत मागणारे संचालक एकच असल्याने वसुलीचा हातही सैल राहिला. अखेर २०११ च्या आरंभी वीज नियामक आयोगाने त्या क्षेत्राचा परवाना महावितरण या सरकारी वीज वितरण कंपनीकडे सोपवला. हुक्केरीची संस्था टिकली आणि मुळा-प्रवरा टिकली नाही, यावरून सहकार हा दोषी ठरत नाही. ज्याच्याकडे जबाबदारी दिली त्याच्याकडे दराचा अधिकार आणि वसुलीची शिस्त यांपैकी एकही गोष्ट नसेल तर विकेंद्रीकरण नावापुरते उरते, एवढे मात्र त्यातून दिसते.

१९९० चे दशक राज्याने दाभोळच्या वीजप्रकल्पाच्या वादात घालवले. १९९९ मध्ये सुरू झालेला तिथला ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा २००१ मध्ये बंद पडला आणि त्या काळात दुसरी मोठी निर्मिती फारशी उभी राहिली नाही. याच सुमारास नव्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मंडळाचे हिशेब तपासले, तेव्हा गळती वर्षानुवर्षे सांगितल्याप्रमाणे सतरा-अठरा टक्के नसून ३० टक्क्यांहून अधिक आहे हे उघड झाले. मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर बरीचशी चोरी आणि गळती खपवली जात होती. थोडक्यात, कोणी कधी थांबायचे हे ठरवणाऱ्या केंद्राला वीज जाते कुठे हेच माहीत नव्हते.

केंद्राने हुकूम न सोडता सर्वांना समजेल अशी एखादी खूण द्यावी आणि निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, असा एक मार्ग याच काळात राष्ट्रीय पातळीवर अवलंबला गेला. प्रत्यावर्ती विजेच्या जाळ्यात प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. या आवर्तनांच्या संख्येला वारंवारिता म्हणतात. मागणी वाढली की ती पन्नासच्या खाली येते आणि पुरवठा वाढला की वर जाते, आणि जोडलेल्या संपूर्ण जाळ्यात ती जवळपास एकच असल्याने घरच्या खटक्यापाशीसुद्धा मोजता येते. अमेरिकेत फ्रेड श्वेप्पे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्येच असे मांडले होते की ग्राहकांची यंत्रे वारंवारिता व दर पाहून आपला वापर आपणच कमी-जास्त करू शकतील. भारतात भानू भूषण यांच्या पुढाकाराने जी उपलब्धता-आधारित दरपद्धती घडली, तिने राज्याराज्यांतील देवघेवीपुरता हाच विचार प्रत्यक्षात आणला. पश्चिम विभागात ती १ जुलै २००२ पासून लागू झाली. ठरल्यापेक्षा जादा वीज उचलणाऱ्या राज्याला वारंवारितेनुसार दंडाचा दर पडे : ती ५०.५ असेल तर शून्य आणि ४९ च्या आसपास घसरली तर, प्रारंभीच्या काळात, युनिटला ४ रुपये २० पैसे. दिल्लीहून दूरध्वनी करून विनवण्या करण्याची गरज उरली नाही. प्रत्येक राज्य आपल्या नियंत्रण कक्षातला आकडा पाहून निर्णय घेऊ लागले आणि पूर्वी बेभान हेलकावणारी वारंवारिता ताळ्यावर आली. मात्र हे शहाणपण राज्याच्या सीमेपाशी थांबले. राज्याला जी खूण मिळत होती ती पुढे जिल्ह्याला, शहराला किंवा फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीला, मिळाली नाही. महाराष्ट्राने दंड टाळण्यासाठी खाली फक्त वीज तोडली.

२००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या, आणि त्याच सुमारास राज्याला भीषण टंचाईने गाठले. पुढच्या दोन-तीन वर्षांत तूट चार हजार मेगावॅटच्या वर गेली आणि भारनियमन, ज्याला लोक लोडशेडिंग म्हणतात, ते ग्रामीण भागात दिवसाला दहा-बारा तासांपर्यंत पोहोचले. महावितरणने नियामक आयोगाच्या मान्यतेने गळती आणि वसुली यांच्या प्रमाणावर भागांचे गट पाडले. जिथे गळती कमी आणि वसुली चांगली तिथे वीज कमी वेळ जाणार. सचोटीला बक्षीस देणारे हे सूत्र वरवर न्याय्य वाटते, परंतु एका फीडरवर शंभर ग्राहक असतात आणि तारेवर आकडा टाकून वीज चोरणारे दहा असले तरी अंधार शंभरांना भोगावा लागतो. प्रामाणिक ग्राहकाला शेजाऱ्याची चोरी थांबवण्याचे साधन न देता त्या चोरीची शिक्षा देणारे हे सामूहिक दायित्व होते, आणि त्यातला अन्याय गावांना सोसावा लागला.

महावितरणच्या अक्षय प्रकाश योजनेने हाच धागा उलट्या बाजूने पकडला. गावाने ग्रामसभेत ठरवायचे की संध्याकाळच्या कमाल मागणीच्या तासांत शेतीच्या मोटारी, गिरण्या आणि शेगड्या बंद राहतील, आकडे काढले जातील आणि केवळ दिवे, पंखे, दूरचित्रवाणी एवढाच वापर होईल. त्या बदल्यात महावितरणने त्या वेळेत गावाची वीज तोडायची नाही. तिन्ही फेज असतानाच शेतीची मोटार चालते, त्यामुळे पूर्वी कंपनी मोटारी थांबवण्यासाठी गावाला एकच फेज देई, आणि काही जण कन्व्हर्टर किंवा कपॅसिटरच्या युक्तीने तेवढ्यावरही मोटार ओढत व ती जाळून घेत. नव्या योजनेत थांबवणारी यंत्रणा तारेत नव्हती, गावाच्या शब्दात होती. उपकेंद्रातला कर्मचारी फीडरचा भार पाहून गावाने शब्द पाळला की नाही ते सांगू शके, आणि गावाला आपले दिवे पाहून कंपनीने शब्द पाळला की नाही ते कळे. ज्या घरात मुलगा दहावीला होता त्या घराला शेजारच्या आकड्यामुळे आपला दिवा जातो हे समजले, आणि एरवी गावकीत न बोलता सोडून दिली जाणारी गोष्ट ग्रामसभेच्या पटावर आली. हजारो गावे या योजनेत सहभागी झाली. पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे करण्याचे काम झाले, तेव्हा मोटारी दुरूनच बंद करता येऊ लागल्या आणि गावाच्या संमतीची गरज संपली. फीडर वेगळे होणे आवश्यकच होते, यात शंका नाही. पण कंपनी आणि ग्रामसभा यांच्यात पहिल्यांदाच जुळलेले देवघेवीचे नाते त्या कामाबरोबर सोडून देण्याचे काहीच कारण नव्हते.

शहरातला समांतर प्रयोग पुण्यात झाला. २००६ च्या सुमारास पुणे व पिंपरी-चिंचवड परिसराची तूट नव्वद मेगावॅटच्या आसपास होती, आणि त्याच परिसरातील कारखान्यांत लोडशेडिंगच्या भीतीने बसवलेली डिझेलची जनित्रे बहुतेक वेळ बंद पडून होती. भारतीय उद्योग महासंघाच्या पुणे शाखेने असे सुचवले की तुटीच्या तासांत कारखान्यांनी जाळ्यातून वीज घेणे थांबवून आपली जनित्रे चालवावीत आणि त्यांनी सोडलेली वीज शहराला द्यावी. कारखान्याची वीज जाळ्यात सोडण्याचा प्रश्न नव्हता, त्यामुळे नव्या तारा किंवा समकालन, म्हणजे दोन स्रोतांची आवर्तने जुळवण्याची यंत्रणा, यांचीही गरज पडली नाही. डिझेलची वीज जाळ्यातल्या विजेपेक्षा कितीतरी महाग असल्याने दोहोंतला फरक कोणीतरी भरायला हवा होता. नियामक आयोगाने जाहीर सुनावणी घेतली, पुण्यातील प्रयाससारख्या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्था त्या चर्चेत होत्या, आणि असे ठरले की महिना ३०० युनिटांहून अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी युनिटमागे ४२ पैसे विश्वसनीयता आकार द्यावा. लहान घरांवर बोजा न टाकता जून २००६ मध्ये पुणे लोडशेडिंगमुक्त झाले.

या योजनेवर घेतलेला मुख्य आक्षेप गंभीर होता : पैसे देऊ शकणाऱ्या शहराने अंधारातून सुटका करून घ्यायची आणि उरलेला अंधार खेड्यांच्या वाट्याला टाकायचा. पहिल्या टप्प्यापुरते या आक्षेपाला उत्तर होते, कारण पुण्याने राज्याच्या वाट्यातले एक युनिटही जादा घेतले नव्हते. आपल्या हद्दीतली निजलेली जनित्रे जागी करून आपली तूट आपणच भरून काढली होती. डिझेलचा धूर आणि महाग इंधन हे दोष उरतातच. परंतु पुढे हा नमुना ठाणे, नवी मुंबईसारख्या शहरांत गेला आणि पुण्यातही कारखान्यांच्या जनित्रांची जागा बाहेरून विकत घेतलेल्या विजेने घेतली, तेव्हा त्याचे मूळ स्वरूपच बदलले. बाजारातली वीज मर्यादित असताना एका शहराने जादा दराने ती उचलणे आणि स्वतःची तूट स्वतः सोसणे या भिन्न गोष्टी आहेत. पुणे प्रयोगाचे नाव टिकले, त्यातला स्वावलंबनाचा अंश मात्र दोन वर्षांतच विरला.

२०१२ च्या अखेरीस नवी केंद्रे सुरू होऊन कमी गळतीच्या गटांतले भारनियमन थांबले आणि वाटणीचा प्रश्न चर्चेतून हद्दपार झाला. तो आता सौर विजेने वेगळ्या रूपात परत आणला आहे. २०१७ मध्ये राळेगणसिद्धीसारख्या ठिकाणांपासून आरंभ झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारून त्याची वीज तिथल्याच शेतीच्या फीडरला दिली जाते, आणि २०२३ पासून या योजनेची दुसरी आवृत्ती मोठ्या प्रमाणावर राबवली जात आहे. रात्रीच्या पाण्यापासून शेतकऱ्याची सुटका व्हावी ही मागणी पन्नास वर्षे आंदोलने, निवेदने आणि निवडणुका यांतून होत राहिली. ती पूर्ण होण्याची शक्यता निर्माण झाली ती दिवसा वीज स्वस्त झाल्यामुळे. उद्योगांवर मात्र याचा उलटा परिणाम झाला. रात्रीच्या सवलतीच्या दरावर जालन्याच्या पोलाद भट्ट्यांनी आणि अनेक ओतशाळांनी आपल्या पाळ्या बांधल्या होत्या. २०२५ च्या दरआदेशांत स्वस्त विजेची वेळ रात्रीकडून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या तासांकडे सरकली, आणि कामगारांच्या पाळ्या, भट्टी तापवण्याचे वेळापत्रक, मालाची पाठवणी हे सगळे पुन्हा मांडण्याची वेळ त्यांच्यावर आली.

सौर फीडरवर ढगाळ दिवशी वीज कमी पडली तर कोणाची मोटार आधी थांबेल, हे आजच्या करारांत लिहिलेले नाही. प्रकल्प उभारणारी कंपनी, महावितरण आणि राज्य शासन हे त्या व्यवहाराचे पक्ष आहेत. ग्रामपंचायत गायरान जमीन देते आणि शेतकरी वीज घेतो. प्रकल्प, उपकेंद्र, फीडर आणि विहिरी हे सारे काही किलोमीटरच्या आत असताना, म्हणजे पुरवठा आणि मागणी यांचा मेळ जागच्या जागी घालण्यास शंभर वर्षांत प्रथमच सर्व साधने एकत्र आलेली असताना, एका डीपीवरच्या शेतकऱ्यांचा गट, त्याचे स्वतःचे मीटर, पाळ्या ठरवण्याचा त्याचा अधिकार आणि वाचवलेल्या विजेवरचा त्याचा हक्क यांची तरतूद या आराखड्यात अजून झालेली नाही.